आतली कडी

चावीवालीकडे कोणी धापा टाकत आलं, "चावी आत राहिली, दार ओढलं गेलं, चला लवकर" म्हणालं, तरी ती जागची हलत नाही. हातातली कानस खाली ठेवते आणि विचारते, "घर कोणाच्या नावावर?" चुलीवर दूध ठेवून आलेली बाई असो नाहीतर टॉवेल गुंडाळून आलेला मास्तर असो, हा प्रश्न कोणाला चुकत नाही. टॉवेलवाल्या मास्तरांचं घर सासऱ्यांच्या नावावर निघालं. चावीवालीनं त्यांना बाजाराच्या फाटकात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, सासऱ्यांना फोन लावायला लावला. सासरे हो म्हणाल्यावरच ती हत्यारांची पिशवी घेऊन उठली. मास्तर आजही तिच्या टपरीवरून जाताना मान खाली घालून जातात.

हे तिच्या वडिलांचं शिकवणं. फाटकाशी डाव्या हाताला, समोरच्या फळीला गुडघे टेकतील एवढ्याशा टपरीत ते आयुष्यभर बसले आणि लेकीला दोन गोष्टी पढवून गेले. घर कोणाचं ते विचारल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, आणि कोणाच्याही चावीची नक्कल आपल्याकडे ठेवायची नाही. तिसरी गोष्ट तिनं स्वतःच्या पदरची घातली, ती म्हणजे कोणाचं ऐकून घ्यायचं नाही. "बाईमाणसाला जमेल का हे?" असं एका गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा तिनं निम्मं उघडलेलं कुलूप पुन्हा बंद केलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मग शोधा बाप्यामाणूस." तो तासाभरानं परत आला. तिनं त्याला आणखी तासभर बसवून ठेवलं, ते मात्र निव्वळ हौसेखातर.

बाजारात तिला सगळे मावशी म्हणतात. लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची कोणाची प्राज्ञा नाही. हात काळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि कामाबद्दलचा गर्व नाकाच्या शेंड्यावर. या गर्वानंच पुढे घोटाळा केला.

बाजाराच्या व्यापारी संघाचे एक अध्यक्ष आहेत. त्यांचं रंगांचं मोठं दुकान आहे. माणूस असा की कोणाच्या घरी आजारपण आलं तर हे पहिले हजर, कोणाचं भांडण झालं तर मिटवायला हे पुढे. बोलणं गोड, आवाज कधी चढायचा नाही. बाजारातल्या टपऱ्यांचे परवाने दर वर्षी त्यांच्या सहीनं पुढे चालू होतात, पण सही करताना ते असे हसतात की आपणच त्यांच्यावर उपकार करतोय असं वाटावं. त्यांच्या बायकोला सगळा बाजार वहिनी म्हणतो. वहिनींबद्दल याहून जास्त कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यावं असं कोणाला वाटलंही नव्हतं. दुकानात आल्या तरी त्या काउंटरच्या आत बसायच्या नाहीत, दारातच उभ्या राहायच्या.

मागच्या हिवाळ्यात अध्यक्ष टपरीवर आले. घराला लोखंडी दार बसवलं होतं. त्यांना बाजारात मिळतं तसलं कुलूप नको होतं, मावशींनी स्वतःच्या हातानं केलेलं हवं होतं. "पुन्हा बघायला लागू नये असं करा," म्हणाले. चावीवालीला एवढंच पुरलं. तिनं त्या कुलपावर जीव टाकला. नळीच्या आत पिना अशा बसवल्या की कुठलीही तार फिरू नये, आणि कोणी ड्रिल मारायचा प्रयत्न केला तर त्याचं टोक मोडावं म्हणून पोटात कडक पोलादाचे तुकडे घातले. असं कुलूप तिच्या वडिलांनीही केलं नव्हतं. हे ती बोलली नाही, पण तिला ते माहीत होतं.

बसवायला गेली तेव्हा तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. अध्यक्षांनी हसत घराचे कागद दाखवले. नाव त्यांचंच होतं. मग ते म्हणाले, "आलाच आहात तर आतल्या कड्याही काढून टाका. झोपायच्या खोलीची, न्हाणीघराची, आणि या मोठ्या दाराचीही. मुलगी लहान आहे, आत अडकून बसते." कुलूपही असं हवं होतं की आतून उघडायलाही चावी लागावी. चावीवालीनं पेचकस घेतला आणि एकेक कडी काढून पिशवीत टाकली. घर त्यांचं, दार त्यांचं, कड्या त्यांच्या. विचारायचं काय त्यात?

वहिनी चहा घेऊन आल्या. बशीत चहा सांडला होता. त्यांनी कप ठेवला आणि नवऱ्याकडे बघून आत गेल्या. टेबलाखाली त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती. पायात बूट होते, आणि नाड्या करकचून बांधलेल्या. "कुठे निघालीस गं?" चावीवालीनं विचारलं. "कुठे नाही," मुलगी म्हणाली. पोरांचं काय, घातले असतील खेळता खेळता, असं म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

निघताना तिनं दार ओढून दाखवलं आणि फुशारकी मारली. "अध्यक्ष, हे कुलूप आता माझ्याच्यानंही उघडायचं नाही." अध्यक्षांना ते वाक्य इतकं आवडलं की महिनाभर ते सगळ्या बाजाराला ऐकवत होते, आणि चावीवाली कानस चालवता चालवता खुशीत ऐकत होती.

उन्हाळा लागला आणि बाजारात कुजबूज सुरू झाली. वहिनी एका सकाळी मुलीला शाळेत सोडायला गेल्या त्या परत आल्या नाहीत. बहिणीकडे गेल्या. तिथून सरकारच्या संरक्षण अधिकारी बाईंकडे गेल्या, आणि दवाखान्यातून कोर्टात. पाठीवर काय होतं ते डॉक्टरांनी लिहून दिलं. मुलीनं काय पाहिलं ते तिला वेगळ्या खोलीत बसवून, खेळणी देऊन, हळूहळू विचारून घेतलं. हे कळल्यावर बाजाराचं म्हणणं काय पडलं? तर, घरातली गोष्ट घरात ठेवायला हवी होती. असं म्हणणाऱ्यांचं एक बरं असतं. घराचं दार बंद झालं की आत कोण कोणासोबत राहिलं, हे त्यांना बघायचं नसतं.

कोर्टानं आदेश दिला. अध्यक्षांनी बायकोला आणि मुलीला हात लावायचा नाही, त्यांच्या जवळ जायचं नाही, शाळेपाशी फिरकायचं नाही. घर सोडून दुसरीकडे राहायचं. घरात वहिनी आणि मुलगी राहतील. आदेश मोडला तर अटक. अध्यक्षांनी आदेश हातात घेतला, वाचला, मान डोलावली आणि त्याच दिवशी दुकानावरच्या खोलीत राहायला गेले. घराला कुलूप लावलं. वहिनी अधिकारी बाईंना घेऊन दारात आल्या तेव्हा ते अतिशय वाईट वाटल्यासारखं तोंड करून म्हणाले, "मी कुठे अडवतोय? कोर्टाचा मान मला आहेच. पण चावी हरवली हो. आणि ते कुलूप उघडत नाही, अख्ख्या बाजाराला माहीत आहे."

त्यात मेख अशी होती की आदेशात दार तोडायचं लिहिलेलं नव्हतं. सोबत आलेले हवालदार म्हणाले, कुलूप उघडलं तर ठीक, नाहीतर मी तसं लिहून नेतो, पुढचं कोर्ट बघेल. कोर्टाला सुट्टी लागणार होती. तोवर वहिनींनी बहिणीच्या दीड खोलीत राहायचं, रोज कोणी ना कोणी नातेवाईक येऊन समजूत घालणार, "जाऊ दे, मागे घे, मुलीकडे बघ" म्हणणार. अध्यक्षांना कायदा मोडायचा नव्हताच. बायको थकेपर्यंत त्यांना फक्त वेळ काढायचा होता.

अधिकारी बाई वयानं लहान, खांद्यावर ही मोठी बॅग, बोलायला फटकळ. बाजारात आणखी तीन चावीवाले आहेत. त्या तिघांकडे जाऊन आल्या. एकाची पाठ धरली होती, एकाचं ड्रिल दुरुस्तीला गेलं होतं, आणि तिसऱ्यानं निदान खरं सांगितलं. "माझा परवाना अध्यक्षांच्या सहीवर आहे, बाई."

चौथी चावीवाली. पण तिच्याकडे अध्यक्ष आधीच येऊन गेले होते.

दुपारच्या वेळी, बाजार थंड असताना, ते तिच्यासमोरच्या स्टुलावर टेकले. तिच्या वडिलांची आठवण काढली. टपरीचं छप्पर गळतं, यंदा संघाकडून पत्रा घालून देऊ म्हणाले. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमचा परवाना आहे, नाही का? करून टाकू. ते लोक तुमच्याकडे येतील. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही, मावशी. तुम्हीच म्हणाला होतात, तेवढंच पुन्हा म्हणा."

चावीवालीनं कानस उचलली आणि हातातली चावी घासायला लागली. तो अध्यक्षांनी होकार समजून घेतला. तिला ओळखत असते तर समजले नसते.

पण खरं सांगायचं तर ती घाबरली होती. टपरी गेली तर ती कुठे बसणार? या वयात रस्त्याकडेला चादर पसरून? आणि दुसरीकडे आपल्या तोंडचं वाक्य. ते खरंच होतं. ते कुलूप उघडणारं नव्हतं, तिनं तसंच केलं होतं. हो म्हणायला खोटं बोलावं लागत नव्हतं, उलट स्वतःच्या कामाची शाबासकी मिळत होती. माणसाला मोहात पाडायचं कसं, हे गोड बोलणाऱ्यांना बरोबर कळतं.

संध्याकाळी अधिकारी बाई आल्या, सोबत वहिनी आणि मुलगी. अधिकारी बाईंनी कागद पुढे केला. चावीवालीनं तो घेतला नाही. तिनं तिचाच प्रश्न विचारला.

"घर कोणाच्या नावावर?"

"त्यांच्याच," अधिकारी बाई म्हणाल्या.

"मग मी कशी उघडू?"

"मावशी, नाव कोणाचं हा सवालच नाही इथं. ही बाई त्या घरात राहत होती. तिला मारून, घाबरवून बाहेर घालवलं, म्हणून तिचा राहायचा हक्क जात नाही. घर विकत घेणारा तो असेल. राहणारी ती आहे, आणि कायदा राहणारीला विचारतो."

चावीवालीनं चष्मा काढून पुसला. वडिलांनी शिकवलेलं असं कोणी दुरुस्त करावं, हे तिला मुळीच आवडलं नाही. ती वहिनींकडे वळली. बाजारात इतकी वर्षं काढून तिनं त्यांना पहिल्यांदाच नीट पाहिलं.

वहिनी म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडे एखादी चावी असेलच ना?"

"ठेवत नाही आम्ही."

"हो," वहिनी म्हणाल्या आणि उठायला लागल्या. त्यांनी विनवणी केली नाही, रडल्या नाहीत. नाही ऐकून घ्यायची सवय झालेली माणसं उठतात तशा उठल्या. चावीवालीला तेच झोंबलं.

तेवढ्यात तिची नजर मुलीच्या पायांकडे गेली. अंगाची लाही होत होती, बाजारातली निम्मी पोरं अनवाणी फिरत होती, आणि या पोरीच्या पायात तेच बंद बूट. नाड्यांना दुहेरी गाठी.

"एवढ्या उन्हाळ्यात बूट कशाला गं?"

मुलगी आईच्या मागे सरकली. उत्तर वहिनींनी दिलं. "झोपतानाही काढत नाही ती. पळायला लागलं तर घालायला वेळ मिळत नाही म्हणते. आधी आम्ही आत जाऊन कडी लावायचो. मग कड्या निघाल्या."

कड्या निघाल्या, एवढंच त्या म्हणाल्या. कोणी काढल्या ते म्हणाल्या नाहीत. कड्या कोणी काढल्या ते वहिनींना, मुलीला आणि तिला स्वतःलाही माहीत होतं, आणि त्यातल्या दोन अजून टपरीतल्या डब्यात पडल्या होत्या. चावीवालीला लाज वाटली. लाजेबरोबर राग आला, आणि राग जास्त होता. स्वतःवर होता, त्या गोड बोलणाऱ्यावर होता, आणि "विचारायचं काय त्यात" म्हणणाऱ्या अख्ख्या बाजारावर होता. वडिलांची शिकवण चुकीची नव्हती, फक्त अपुरी होती. घर कोणाच्या नावावर हे ते विचारायचे. आत कोण राहतं हे विचारायचं राहून गेलं होतं.

"उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "हवालदारांना जेवून यायला सांगा. वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी गल्लीत ही गर्दी. समोरच्या ओट्यावर माणसं, गच्च्यांवर माणसं. अध्यक्ष रस्त्याच्या पलीकडे, संघाचे दोघे-तिघे आजूबाजूला घेऊन उभे. अधिकारी बाईंनी त्यांना हटकलं, "तुम्ही इथं यायचं नाही, आदेशात आहे." ते म्हणाले, "मी आपला रस्त्यावर उभा आहे." अधिकारी बाईंनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी जड पायांनी जाऊन त्यांना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मागे नेलं. तिथूनही त्यांना दार दिसत होतंच.

हवालदारांना घाई होती. ते चावीवालीपाशी येऊन म्हणाले, "मावशी, एका शब्दात सांगा. उघडतं का नाही? नाही म्हणालात तर मी लिहून घेतो आणि निघतो."

कोपऱ्यावर अध्यक्ष हसत होते. चावीवालीला तो हसरा चेहरा दिसला, टपरीवर पडणारा नवा पत्रा दिसला, आणि दारापाशी उभे असलेले दोन लहान बूटही दिसले.

"उघडतं," ती म्हणाली.

कोपऱ्यातून आवाज आला. "तुम्हीच म्हणाला होतात, मावशी."

"मी फुशारकी मारली होती," ती तिकडे न बघता म्हणाली. "तुम्ही खरी मानलीत."

आता उघडायचं कसं? युक्ती कुठली नव्हती. असती तर ती तिनंच आधी बुजवली असती. तिनं ड्रिल लावलं आणि सरळ त्या नळीत घुसवलं. पहिलं टोक आत पोलादाला भिडलं आणि मोडलं. दुसरं मोडलं. तिसरं लालभडक होऊन बोथट झालं. प्रत्येक टोक मोडलं की ओट्यावरून कोणीतरी हसायचं, आणि चावीवाली मनातल्या मनात आपल्याच हातांना शिव्या द्यायची. एरवी गिऱ्हाइकासमोर हात एवढे चांगले चालत नाहीत, आणि या एका कुलपावर मेल्यांना कला सुचली होती. ऊन चढलं. हवालदारांनी दोनदा घड्याळ पाहिलं, अधिकारी बाईंनी दोनदा त्यांना चहा पाजला. वहिनींनी छत्री आणून चावीवालीच्या डोक्यावर धरली आणि ती खाली केली नाही.

टोकं संपली. चावीवालीनं पिशवी उलटी करून झटकली. काही नाही. तेव्हा गर्दीतून ज्याची पाठ धरली होती तो चावीवाला वाट काढत आला. पाठ चांगली ताठ होती. त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या पिशवीपाशी ठेवलं आणि गर्दीत परत गेला. फडक्यात त्याची सगळ्यात चांगली टोकं होती, जी तो कोणाला बघायलाही देत नाही.

दुपार कलताना आत काहीतरी खळकन् पडलं. पिना, स्प्रिंगा, पोलादाचे तुकडे, सगळं उंबऱ्यावर सांडलं. तिच्या हयातीतलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. तिनं पायानं ते बाजूला सारलं आणि दार ढकललं. मग स्वतः आत न जाता बाजूला झाली. आधी वहिनी गेल्या, त्यांचा हात धरून मुलगी.

नवं कुलूप बसवायला पुन्हा वेळ गेला. हे साधंच होतं, आतून चावीशिवाय उघडणारं. मग चावीवालीनं डब्यातून आणलेल्या कड्या काढल्या. झोपायच्या खोलीला एक लावली, न्हाणीघराला एक. मोठ्या दाराला मात्र नवी, जाड, सरकती कडी आणली होती. ती कुठे लावायची म्हणून ती दारासमोर गुडघ्यांवर बसली आणि मुलीला म्हणाली, "इकडे ये. दाराला पाठ लावून उभी राहा. हात पुढे कर." मुलीचा हात जिथे आला तिथे तिनं पेन्सिलीनं खूण केली.

"एवढी खाली?" वहिनी म्हणाल्या.

"मोठ्यांनी वाकावं. वरची उद्या वेगळी लावून देते." मग मुलीला, "ही तुझी. उंच झालीस की वर सरकवून देईन. लावून बघ."

मुलीनं कडी लावली. काढली. पुन्हा लावली. पुन्हा काढली. कितीतरी वेळ तिचं तेच चाललं होतं, आणि कोणी तिला पुरे म्हणालं नाही. बूट मात्र पायातच होते.

परवान्याचं व्हायचं ते झालं. पुढच्या महिन्यात संघाची बैठक बसली आणि चावीवालीचा परवाना रद्द झाल्याचा ठराव झाला. अध्यक्षांनी तो अतिशय जड अंतःकरणानं वाचून दाखवला म्हणतात. चावीवालीनं टपरी सोडली नाही. "काढायचं असेल तर काढा," एवढंच कळवलं, आणि रोज संध्याकाळी टपरीला आपलं कुलूप घालून घरी जायला लागली. एका सकाळी ती यायच्या आत संघाची माणसं टपरी रिकामी करायला आली. दाराला तिचं कुलूप. पहिल्या चावीवाल्याला बोलावलं. त्याची पाठ पुन्हा धरली होती. दुसऱ्याचं ड्रिल पुन्हा दुरुस्तीला गेलं होतं. तिसरा, तो खरं बोलणारा, आला, खाली बसला, कुलूप हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला, आणि म्हणाला, "उघडतं. मी उघडणार नाही." उठला, कपडे झटकले आणि आपल्या टपरीकडे गेला. संघाची माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. हातोडी कोणाच्याच हातात आली नाही. तेवढ्यात चावीवाली आली, "बाजूला व्हा, धंद्याची वेळ आहे" म्हणाली आणि टपरी उघडून बसली. ठराव अजून संघाच्या कपाटात आहे. टपरीचं छप्पर अजून गळतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी वहिनींनी खिडकीची खिट्टी सैल झाली म्हणून तिला बोलावलं. संध्याकाळची वेळ. काम झालं, दोघी चहा घेत बसल्या होत्या. वहिनींना बहिणीच्या ओळखीनं एका छापखान्यात काम मिळालं होतं, त्याबद्दल सांगत होत्या. मुलगी जमिनीवर वह्या पसरून बसली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. मग दुसरी, जोरात.

"मुलीला बघायला आलोय," बाहेरून आवाज आला. गोड होता. "उघड." मग गोड राहिला नाही. दारावर लाथ बसली आणि भिंतीवरचं घड्याळ हललं.

वहिनींच्या हातातला कप खाली आला. चेहरा पांढरा पडला होता, पण त्या फोनकडे गेल्या. अधिकारी बाईंनी नंबर भिंतीवरच लिहून ठेवायला लावला होता, तो त्यांनी फिरवला आणि पत्ता दोनदा सांगितला. चावीवाली हातोडी घेऊन उठली. तिचा दारापर्यंत जायचा आणि वेळ आली तर अध्यक्षांच्या बोटांवर हातोडी घालायचा विचार पक्का होता, आणि त्याची तिला नंतरही कधी खंत वाटली नाही.

पण तिच्या आधी मुलगी दारापाशी पोचली होती. दाराला कुलूप होतं, वरची कडीही लागलेली होती. तरी तिनं आपली कडी धरली आणि सरकवली. खट्ट आवाज झाला. बाहेरचा आवाज क्षणभर थांबला. त्याला हा आवाज माहीत नव्हता.

"कोण आहे? कोणी लावली कडी?"

"मी," मुलगी म्हणाली.

ती दारापाशीच उभी राहिली. लाथा बसत होत्या तोवर उभी राहिली, शेजाऱ्यांची दारं उघडली तोवर उभी राहिली, आणि जीप येऊन थांबली तेव्हाही हलली नाही. तेच हवालदार होते. या वेळी त्यांनी कोणाला एका शब्दात सांगा म्हटलं नाही. आदेश मोडला होता, शेजाऱ्यांनी पाहिलं होतं, आणि अध्यक्ष जीपमध्ये बसेपर्यंत "मी फक्त मुलीला बघायला" एवढंच म्हणत होते. बाजाराला ते दुसऱ्या दिवशी कळलं. वहिनींचं चुकलं असं म्हणणारे त्यानंतर निदान हळू आवाजात म्हणायला लागले.

गल्ली शांत झाली. वहिनी दाराशी जाऊन उगाच वरची कडी चाचपून आल्या. चावीवालीनं हातोडी पिशवीत ठेवली. चहा गार झाला होता, तरी तिनं तो पिऊन टाकला.

मुलगी परत येऊन वह्यांपाशी बसली. मग तिनं एक पाय पुढे घेतला आणि नाडीची दुहेरी गाठ सोडवायला लागली. गाठ जुनी होती, निघता निघेना. चावीवाली मदतीला वाकली, तर तिनं तिचा हात बाजूला केला. पहिला बूट निघाला. मग दुसरा. तिनं दोन्ही उचलून भिंतीशी नीट ठेवले, पायाची बोटं हलवून पाहिली, आणि अनवाणी पायांवर बसून पुढचं गणित सोडवायला घेतलं.